ओतणाऱ्याने आत यायचं नाही

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या दिवाळीत, जेवणं झाली की मी नाकवाल्या साहेबाची गोष्ट सांगत आलो आहे. कितीतरी वर्षं. घरं-गटारं तपासणारा एक म्हातारा इंग्रज इन्स्पेक्टर, त्याला आपल्या नाकाचा भारी अभिमान. त्या नाकाच्या भरवशावर तो एका बाईचं अख्खं स्वयंपाकघर खणायला लावतो आणि खाली गटाराचा नळ निघतो ठणठणीत. लोक हसून बेजार व्हायचे. दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच, "काका, ते नाकवालं होऊ द्या." ज्यांनी ती गोष्ट ऐकली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्या गोष्टीतून मी एक माणूस गाळत होतो. तो माणूस म्हणजे मी.

ऑफिसात त्यांना सगळे 'नाक' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. मी पुण्यात सहा वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टरची नोकरी करून इकडे आलो होतो. इथे माझी पदविका चालली नाही. नॉटिंगहॅमपासून बसने पाऊण तासावर, मोजे आणि बनियन विणणाऱ्या कारखान्यांचं एक गाव होतं. तिथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, मला पुन्हा शिकाऊ म्हणून घेतलं आणि त्यांच्या हाताखाली दिलं. मी तिशीला आलो होतो आणि ते निवृत्तीला.

पहिल्या दिवशी मी समोर उभा राहिलो, तर त्यांनी डोळे मिटले. टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, हे प्रार्थना करतायत की काय. मग म्हणाले, "खोबरेल तेल. ओली लोकर. रॉकेलचा हीटर, तोही बंद खोलीत. खिडकीच्या फटींना कागद चिकटवलायस ना?"

"हो, सर."

"सर शाळेत असतात. पत्ता दे. संध्याकाळी येतो."

ते खरंच आले आणि चाकूने सगळा कागद खरवडून काढला. मी पांघरूण घेऊन बघत बसलो. "थंडीने माणूस खोकतो, डक," ते म्हणाले. "बंद खोलीतल्या हीटरने तो सकाळी उठतच नाही." त्या भागात बाई-पुरुष, लहान-थोर, सगळे सगळ्यांना 'डक' म्हणतात. बस कंडक्टरसुद्धा. पण मला त्या दिवशी ते पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं. खोली भाड्याने मागायला गेलो की दारातल्या दारात लोक माझ्या वासाबद्दल काय बोलायचे, ते लिहीत नाही. या माणसाने माझा वास घेतला आणि त्यावरून माझ्या खिडकीपर्यंत पोहोचला.

फेरीवर निघायच्या दिवशी ते कांदा खात नसत. तंबाखू नाही, केसांना सुवासिक पाणी नाही. रविवारी मात्र व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे बरणीतून काढून खायचे. "रविवारी यांच्याशी लांबूनच बोलावं," असं त्यांची बायको मला म्हणाली होती.

त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे धुक्यातून चालणं, डोळ्यांपेक्षा नाकावर विसंबून, आणि त्या गावात धुकं असायचंही फार. घरांच्या मागच्या अरुंद बोळांतून आम्ही जात असू. ते पुढे, मी दोन पावलं मागे, माझ्या हातात पिशवी. सोमवारी बोळभर साबण आणि सोडा, शुक्रवारी मासे. एका सोमवारी ते मध्येच थांबले. "या घरात आज धुणं झालेलं नाही," म्हणाले. दार वाजवलं, कोणी उघडेना. आत म्हातारी जिन्याखाली पडली होती, पाय मोडून, आदल्या दिवसापासून. जो वास यायला हवा होता तो आला नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. मी पुढे अनेक वर्षं ही नोकरी केली. मला हे एकदाही जमलं नाही.

त्यांची उमेदीची वर्षं दोन महायुद्धांच्या मधली. त्यांच्या बोलण्यात दोन गावं एकावर एक ठेवलेली असत. मी गाड्यांच्या पार्किंगमधून चालत असे आणि ते तिथल्याच, केव्हाच पाडलेल्या, पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांमधून. "इथे पंप होता," ते रिकाम्या हवेकडे बोट करून सांगत. "सोळा घरांना एक. आणि इथे तीन संडास, त्यातला एक कायम तुंबलेला." हात लांब करून ते नसलेलं दार ढकलल्यासारखं करत. मला कधीकधी ते दार दिसायचं.

त्या काळच्या त्यांच्या काळ्या वह्या कपाटात होत्या. घराघरांच्या नोंदी. खोल्या किती, माणसं किती, खिडकी उघडते की नाही, हे सगळेच इन्स्पेक्टर लिहीत. हे वासही लिहीत. एक नोंद मला अजून आठवते: "मागची खोली. ओले कपडे, कोळसा, उकडलेला कोबी. जिन्यापाशी आयोडीन. आजोबा आजारी आहेत आणि सांगत नाहीत." दुसऱ्या एका घरापुढे फक्त एवढंच होतं: "उंदीर. ओल. पाव भाजत होत्या. बसावंसं वाटलं."

तेव्हा जुनी वस्ती पाडून लोकांना कौन्सिलच्या नव्या घरांत हलवत. गाद्यांबरोबर ढेकूण जाऊ नयेत म्हणून सगळं सामान आधी एका बंद गाडीत घालून विषारी धुरी देत. ती गाडी दारात उभी राहिली की गल्लीला कळायचं. बायका पडदे ओढून आत रडत बसायच्या. तरुण इन्स्पेक्टर असलेल्या या गृहस्थांनी काय करावं? पहिल्या दिवशी ती गाडी भर दुपारी स्वतःच्या दारात नेऊन उभी केली आणि स्वतःचं सगळं घर तीत चढवलं. ढेकूण एक नव्हता. बायकोच्या आईने दिलेलं अक्रोडाचं कपाटही गेलं आत. "आठ दिवस बोलली नाही माझ्याशी," ते सांगत. "पण त्यानंतर गाडीला कोणी पडदे ओढले नाहीत."

गरिबांना बाथटब दिला तर ते त्यात कोळसा ठेवतात, असं त्या काळचे शहाणे लोक म्हणायचे. मी त्यांना विचारलं होतं, हे खरं का?

"मी एकदाच पाहिला टबात कोळसा."

"कुठे?"

"डॉक्टरांकडे."

आता पेपरमिंटकडे येतो.

जमिनीखालचा गटाराचा नळ कुठे फुटलाय का हे बघायची एक जुनी रीत होती. पेपरमिंटचं तेल गरम पाण्यात मिसळून बाहेरून, छपरापर्यंत गेलेल्या उभ्या पाइपमध्ये ओतायचं. दारं-खिडक्या बंद करून इन्स्पेक्टरने आत थांबायचं. घरात पेपरमिंटचा वास आला, तर नळ फुटला आहे, आणि जिथे वास सगळ्यात दाट तिथे खणायचं. माझ्या वेळेपर्यंत धुराचं यंत्र आलं होतं. ते कपाटात पडून असे. आमचे म्हातारबुवा पेपरमिंटच वापरत.

या कामाचा एकच कडक नियम होता. ओतणाऱ्याने आत यायचं नाही. तेलाचा एक थेंब कपड्यावर असला तरी वास घरभर होतो आणि चाचणी खोटी ठरते. युद्धाआधी त्यांच्याकडे ओतायला एक मजूर होता. एकदा बर्फात तो छपरावर चढला आणि चाचणी संपल्यावर हे त्याला हाक मारायलाच विसरले. जेवायच्या वेळेपर्यंत तो धुराड्याला टेकून बसून राहिला. "मिशीला बर्फ लोंबत होता," ते म्हणायचे, "पण आत पाऊल टाकलं नाही." आणि प्रत्येक चाचणीनंतर, बाहेर आल्या आल्या, ते मला एकच प्रश्न विचारायचे: "बाहेरच होतास ना?" संशयाने नाही. डॉक्टर हात धुतात तसं.

ते घर रांगेतलं शेवटचं होतं. एक बाई आणि तिची लहान मुलगी. मागच्या स्वयंपाकघरात घाण वास येतो आणि मुलीचा घसा सारखा धरतो, अशी तक्रार. सगळी रांग एका बिल्डरच्या मालकीची. तो म्हणत होता, बाईला भाडं कमी करून हवंय म्हणून वास येतो. महिना फेब्रुवारीचा, वारा असा की डोळ्यांतून पाणी काढणारा.

म्हातारबुवा दारात उभे राहिले. टोपी छातीशी, डोळे मिटलेले. मग हळूच मला म्हणाले, "गटार नाही हे. भिंतीत काहीतरी मेलंय."

"मग चाचणी कशाला?"

"माझं म्हणणं हा पुरावा नव्हे. चाचणी घेऊ."

मी शिडीवर चढून ओतलं. वाऱ्याने धार उडाली आणि कोटाच्या उजव्या बाहीवर थोडं सांडलं. मी खाली उतरून मागच्या अंगणात उभा राहिलो. ते वरच्या खोल्यांपासून सुरुवात करत, आणि घाई त्यांच्या स्वभावात नव्हती. मला बोटं जाणवेनाशी झाली. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"अगं आई गं, निळा पडलायस की! आत ये, डक. चहा टाकलाय."

"मला आत यायला परवानगी नाही."

"कोणाची? घर माझं आहे."

मी आत गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन. शेगडीपाशी हात धरून उभा राहिलो, चहा उभ्याउभ्या प्यायलो, बाहेर आलो. बाही शेगडीवर चांगली तापली होती. तिचा वास मला आला नाही. ओतणाऱ्याचं नाक त्या वासाने आधीच मेलेलं असतं, आणि नियम आहे तो त्यासाठीच.

थोड्या वेळाने ते खाली आल्याचं ऐकू आलं. मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज, थोडा नवल वाटल्यासारखा: "इथे." खिडकीतून दिसलं, ते शेगडीपाशी उभे होते, मी जिथे उभा होतो तिथेच. मला तेव्हाच कळलं. मी बाहेर उभ्या उभ्या सगळं समजलो.

ते बाहेर आले, बोटांना खडू लागलेला. "माझं चुकलं," म्हणाले. "गटारच आहे. बाहेरच होतास ना?"

"हो," मी म्हणालो.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र त्याच महिन्यात मिळायचं होतं. ते दाखवल्याशिवाय माझ्या बायकोला पुण्याहून येता येत नव्हतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. ते खोटं नाही. पण त्या क्षणी ते माझ्या मनातही नव्हतं. मला फक्त त्यांच्या तोंडून "तू?" एवढा शब्द ऐकायचा नव्हता.

जमीन खणली. खडूची फुली होती तिथून सुरू करून भिंतीपर्यंत. नळ नव्यासारखा निघाला, एक चीर नाही. बिल्डर हात बांधून उभा होता. "साहेब, भोक कुठाय ते दाखवा, मीही नाक घालून बघतो," म्हणाला. त्याचे मजूर हसले. म्हातारबुवा चिखलात गुडघे टेकून बसले आणि नळावरून तळहात फिरवत राहिले, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग उठले, बाईकडे वळले आणि म्हणाले, "माफ करा."

ती बाई काहीच कशी बोलली नाही, असं लोक आता विचारतील. तिला कोणी विचारलंच नाही. एका गारठलेल्या माणसाला तिने चहा दिला, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

बिल्डरने तक्रार केली. आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारलं, चाचणीच्या वेळी तू कुठे होतास? मी सांगितलं, बाहेरच. त्यांनी ते टाइप करून घेतलं: चाचणी नियमाप्रमाणे झाली, तेल ओतणारी व्यक्ती पूर्ण वेळ घराबाहेर होती. मी सही केली. अधिकारी कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्याचं नाकच गेलं." ते दुष्ट नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं.

म्हातारबुवांनी मुदतीआधीच निवृत्ती मागून घेतली. निरोपाला केक होता, भाषणं झाली. नाकाबद्दल कोणी बोललं नाही.

उन्हाळ्यात त्या घरात बॉयलर बसवायला भिंत फोडली, तेव्हा आत मांजर सापडली. वाळून चामडं झालेली. मी स्वतः बघायला गेलो होतो. वहीत एक ओळ लिहून बोळात येऊन उभा राहिलो. भिंतीत काहीतरी मेलंय, हे त्यांनी दारातूनच सांगितलं होतं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवून. बायको तर आता आली होती, नोकरी पक्की झाली होती. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी नव्हती. तिच्या जागी विजेची, नवी. "यांनी काढायला लावली," त्यांची बायको म्हणाली. "म्हणे गॅस सुटला तर मला कळणार नाही. पंचवीस वर्षं त्या शेगडीवर रांधलं मी. हिच्यावर साधं अंडं धड होत नाही."

ते खुर्चीत बसले होते. मी आल्यावर डोळे मिटले नाहीत. दुधाचं भांडं माझ्यापुढे केलं. "बघ जरा, आंबलंय का?"

दूध ताजं होतं. मी तसं सांगितलं.

"तुझं नाक चांगलं आहे," ते म्हणाले, आणि समाधानाने दूध चहात ओतलं.

मी मांजरीचं सांगितलं असतं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता: मग पेपरमिंट कुठून आलं? त्यांच्यासारखा माणूस तो प्रश्न सोडणार नव्हता. म्हणून मी मांजरीचंही सांगितलं नाही. आम्ही हवेबद्दल बोललो. काही वर्षांनी ते गेले, ते आपलं नाक गेलं असं समजूनच.

पुढे मी लंडनला बदलून आलो. ईलिंगमधल्या पहिल्या दिवाळीत कोणीतरी म्हणालं, काहीतरी गमतीचं सांगा तुमच्या नोकरीतलं. मी सांगितलं. लोक एवढे हसले की मला बरं वाटलं. इतकी माणसं हसतायत, म्हणजे ती हसण्याचीच गोष्ट असणार, असं वाटलं. नंतर दरवर्षी ते नाक मी थोडं थोडं लांब करत गेलो.

माझी नात नॉटिंगहॅमला नोकरी करते. घरातली ओल आणि मुलांचा दमा, असा तिचा विषय आहे. या वसंतात तिचा फोन आला.

"आजोबा, जुना रेकॉर्ड्समध्ये एक वही सापडलाय. सगळा घरांचे वास लिहिलेत! हा तुमचा नाकवाला साहेबच ना?"

"तेच."

"पण मी यूज नाही करू शकत. खाली वॉर्निंग आहे. म्हणे शेवटी त्यांचा नाक रिलायेबल नव्हता, सो वासाच्या एंट्रीज जपून वापरा. आणि त्याला प्रूफ म्हणून एक स्टेटमेंट आहे, आणि आजोबा, त्याच्यावर तुमचं नाव आहे! हाऊ कूल इज दॅट!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या वह्यांत किती घरं असतील कोण जाणे. आयोडीन लपवणारे आजोबा, पाव भाजणाऱ्या बायका, सगळे. माझ्या एका सहीने ते सगळे आता खोटे ठरत होते.

"मला घेऊन जाशील का तिकडे?" मी विचारलं.

ती गाडी घेऊन आली. वाटेत तिने दोनदा विचारलं, काय काम आहे. मी म्हणालो, एक दुरुस्ती आहे.

अभिलेखागाराच्या वाचनखोलीत चार-पाच माणसं होती. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. मी टेबलापाशी बसून लिहून काढलं, एक पान. आता अक्षर धड येत नाही, म्हणून वेळ लागला. त्यांचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, बाही, शेगडी, चहा, मांजर. शेवटी एक चौकोन होता.

"हे तुम्ही हयात असेपर्यंत बंद ठेवता येतं," ती मुलगी मृदूपणे म्हणाली. "बरेच जण तसंच करतात. सर्वांसाठी लगेच खुलं करायचं असेल तर इथे खूण करा."

मी पेन हातात धरून बसलो. नात शेजारी फोन बघत होती. तिने अजून काही वाचलं नव्हतं. मला किती वर्षं उरली असतील? थोडीच. तेवढी बंद ठेवली तरी कोणाचं काय बिघडणार होतं? वह्या इतकी वर्षं थांबल्याच होत्या. दिवाळीला कोणीतरी पुन्हा म्हणालं असतं, काका, ते नाकवालं. मी कदाचित सांगितलंही असतं. मी स्वतःला ओळखतो.

मी खूण केली. "आजपासून," म्हणालो.

मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. "तुमचं अक्षर मला थोडं अवघड जातंय," ती म्हणाली. "टाइप करायच्या आधी मी वाचून दाखवते. चुकलं तर थांबवा."

ती वाचू लागली. तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा स्वच्छ होता आणि खोली लहान होती. दुसऱ्या वाक्यापाशी पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली. तिसऱ्यापाशी नातीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पण त्या मुलीला मी हळू वाच, असंही म्हटलं नाही.